फुई, तुझी साखर वाढली तेव्हा

फुई,

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, मागून आणलेली भांडी ज्याची त्याच्याकडे पोचती झाली, आणि आज सकाळी मी ओट्यावर कागद घेऊन बसलो आहे. तू असतीस तर विचारलं असतंस, "काय लिखी ऱ्हायना रे भाऊ?" मी वाचून दाखवलं असतं आणि दुसऱ्याच ओळीला तू मला थांबवलं असतंस, "हाई पुस्तकनी भाषा शे. आते घरनी भाषामा सांग." पण मला लिहायला लागलं की पुस्तकाचीच भाषा सुचते. शाळेने तेवढीच शिकवली. तुझं बोलणं मात्र तुझ्या तोंडी होतं तसंच ठेवणार आहे. ते बदललं तर ती तू राहणार नाहीस.

काल पंगत उठताना तुझ्या सासरच्या नात्यातले एक म्हातारे हात धुता धुता बोलले, "त्या मननी गोयास्नी खादं तिले. गोयास्नी साखर आनी, नी साखरनी जीव लिधा." म्हणजे तू मनासाठी घ्यायचीस त्या गोळ्यांनी. तुझे मालक, आमचे फुवा, तांब्या घेऊन शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. ते पुढच्याच्या हातावर पाणी घालत राहिले. पण मी त्यांचा चेहरा पाहिला.

आपल्या दोघांचा जो वाद अर्धा राहिला होता, तो त्या म्हाताऱ्यांनी एका वाक्यात निकालात काढला. तो निकाल मला मान्य नाही. का मान्य नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ते सापडतं का, हे बघायला लिहितोय.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तुझं ते वर्ष सुरू झालं. मी तेव्हा आमच्या धानोऱ्याला शाळेत होतो. सुट्टीत कोरीटला तुझ्याकडे आलो तर तू मला ओळखलंस, पण हसली नाहीस. आत्या म्हटली की भाच्याला बघून जी उठते, ती तू उठलीच नाहीस. गोठ्यात गाय धारेच्या वेळेला हंबरून हंबरून थकायची, तरी तू भिंतीला टेकून बसलेली. केस विंचरलेले नाहीत. ताटात वाढलेलं तसंच. सगळे एकच विचारत, काय झालं? काहीच झालं नव्हतं. तुझी लेक चंपाताई सासरी सुखात होती. फुवा तुला कधी वाकडा शब्द बोलले नव्हते. विहिरीवरचा ऊस डोक्याएवढा उभा होता. कारण सापडेना म्हणून लोक आपापलं कारण आणून देत. कोणी बाहेरची बाधा म्हणे, कोणी नजर म्हणे, आणि प्रत्येक कारणामागे एक भगत येऊन जाई.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी तुला विचारलं होतं, तेव्हा कसं वाटायचं गं. तू निवडायला घेतलेल्या तुरीत बोटं फिरवत सांगितलंस, "मन उतरी गये व्हतं रे. हिरमा बालटी उतरस ना, तशी. दोर मन्हा हातमाच व्हता. पन वढाले जोर नही." मी मानसशास्त्राचं एक पुस्तक लायब्ररीतून आणून वाचलं. इंग्रजी होतं, निम्मं कळलं. त्यात तुझ्या या विहिरीतल्या बादलीहून चांगलं काही सापडलं नाही, असं मी प्रामाणिकपणे म्हणतो.

सुरतेच्या डॉक्टरांचं नाव फुवांना नंदुरबारच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने सांगितलं. त्याच्या भावाला तिथे गुण आला होता. मनाचा वेगळा डॉक्टर असतो हे आपल्या घरात कोणाला माहीत नव्हतं. फुवा तुला गाडीत घालून घेऊन गेले. डॉक्टर गुजरातीत बोलले, नवीन निघालेली गोळी आहे म्हणाले, धीर धरा, लगेच फरक दिसणार नाही. खरंच दिसला नाही. फुवा रोज तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे आणि तू भिंतीकडे. आमचे आबा, म्हणजे तुझे भाऊ, येऊन म्हणाले की पैसे पाण्यात गेले. आणि मग एका सकाळी फुवांनी तुला चहा दिला तर तू एक घोट घेऊन म्हणालीस, "हाई चहा शे का गायनं धवन? आलं कोठे शे?"

फुवा हे सांगायचे तेव्हा दर वेळी त्यांचा आवाज फुटायचा. "तिनी मले शिवी दिधी नी मले रडू उनं," असं ते म्हणत. गाईचं धुवण म्हटल्याबद्दल आनंदाने रडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मन वर आलं तशी भूकही आली, आणि ती आली ती गोडाची. वर्षभर न खाल्लेलं सगळं तुला एकदम आठवलं असावं. गुऱ्हाळावरून येणारी काकवी तू वाटीने पिऊ लागलीस. केळी, गूळ-शेंगदाणे, पुरणाची पोळी. जी बाई भाताचं शीत गिळत नव्हती तिला मागून मागून खाताना बघणं हा घरादाराचा सण झाला होता. आपल्याकडे माणूस बरं झालं हे कळतं कसं? अंगावरून. तू भरत गेलीस. चोळ्या उसवून पुन्हा शिवल्या. पाणवठ्यावरच्या बाया तुझा दंड चिमटीत धरून म्हणायच्या, "कशी भरी उनी व माय! आते कशी लक्ष्मीसारखी दिसस!" तू लाजायचीस. एवढी मोठी बाई, नवरीसारखी लाजायचीस.

कोणाच्या मनात शंका येणार? मीही तेव्हा तुझ्यासाठी येताना बत्तासे आणायचो.

मग मी मॅट्रिक झालो. आबांना नंदुरबारात खोलीचं भाडं परवडणारं नव्हतं. तू निरोप पाठवलास की पोऱ्याला कोरीटला धाडा, सायकल फुवा देतील. आपल्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. काय न्यायचं, काय बोलायचं, मास्तरांना सर म्हणायचं हेही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तू माझा सदरा स्वतः तांब्यात निखारे घालून ताठ केलास आणि दारातून ओरडलीस, "कोनले घाबरू नको! त्या बी कोनना तरी भाचाच शेतस!" वर्गात शिरताना मला ते आठवलं आणि हसू आलं. लोकांना वाटलं हा मुलगा धीट आहे.

तुझ्याकडे राहायला लागल्यावर मला दिसलं की तू फार पाणी पितेस. तांब्यावर तांब्या. विचारलं तर म्हणायचीस मिरची तिखट होती. मिरचीचाच मुलूख आपला, मला पटलं. मग उसाचं पातं पोटरीला कापलं आणि ते कापलेलं भरेना. हळद झाली, चुना झाला, दोन आठवडे झाले तरी जखम ओलीच. तेव्हा फुवांनी गाडी जुंपली आणि तुला नंदुरबारला स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं. मी कॉलेजातून थेट तिथे आलो.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात तुझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "बाईंची साखर वाढली आहे."

फुवांचा चेहरा खुलला. "वाढनी? मंग चांगलं व्हयनं ना डॉक्टरसाहेब! औंदा आमना उसनी बी चांगली उतरी ऱ्हायनी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तू मात्र खुर्चीत सरसावून बसलीस आणि फुवांकडे असं बघितलंस, जसं काही हे पीक तू एकटीने काढलं होतंस.

मी आजही फुवांना हसू शकत नाही. साखर वाढावी म्हणून ज्या माणसाने सगळी हयात उसाला पाणी दिलं, त्याला ती वाढली की वाईट असतं हे कोण सांगणार? डॉक्टरांनी समजावलं, चांगलं समजावलं, पण ते पुस्तकाच्या भाषेत होतं. फुवांनी मान डोलवली आणि लक्षात ठेवले दोनच शब्द. परतताना शिवेजवळ कोणी विचारलं, "काय सांगं डॉक्टरनी?" तर फुवा बैल न थांबवता म्हणाले, "साखर वाढनी तिन्ही!" आपण घरी पोचून हातपाय धुतो न धुतो तोच शेजारची जमनाबाई पानावर गुळाचा खडा घेऊन हजर. "चांगली बातमी लई उनीस व! तोंड गोड कर!" आणि मी आतून "नको!" म्हणून ओरडेपर्यंत तो खडा तुझ्या गालात होता. तू माझ्याकडे बघितलंस, जमनाबाईकडे बघितलंस, आणि गुळासकट बोललीस, "आते खाऊ का थुकू?"

सगळे हसलो. मग मी जमनाबाईला समजावायला बसलो. ती रडायलाच लागली, मी विष दिलं का म्हणून. शेवटी तूच तिची समजूत घातलीस. तेवढ्यात गूळ विरघळून गेला होता.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही औषध चालू आहे का. फुवांनी सुरतेची बाटली पुढे केली. डॉक्टरांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली. नंतर जे म्हणाले ते मी त्या दिवशी शब्द न् शब्द लक्षात ठेवलं, कारण आपला सगळा वाद त्यातूनच निघाला. "या गोळीने भूक वाढते, गोडाची ओढ लागते. वजन चढतं. जाड माणसाला मधुमेह लवकर गाठतो. बाईंच्या आईला होता का? माहीत नाही ना? मग गोळीमुळेच झाला का, हे मी सांगू शकत नाही. गोळी नवीन आहे. अजून कोणालाच सगळं माहीत नाही." मला वाटतं, मला माहीत नाही असं म्हणणारा डॉक्टर मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. त्यामुळे मला त्यांच्याविषयी आदर वाटला आणि भीतीही वाटली.

घरी येऊन मी सरळ म्हणालो, "फुई, ती गोयी बंद कर."

"कसाले?"

"तिनाच पाईन साखर वाढनी."

"डॉक्टरनी आसं सांगं का?"

"नही सांगं. पन व्हई सकस."

तू माझ्यापुढे भाकरी वाढलीस. "कालेजमा हाईच शिकाडतस का, फुईना तोंडमातला घास काढानं? पहिले गूळ काढा, मंग केळं काढं, आते गोयी. नंतर काय, दात काढशी?"

"फुई, मी हासी नही ऱ्हायना."

"मी बी नही." आणि मग तू ते वाक्य बोललीस, जे मला आज पहाटे जागं झाल्या झाल्या ऐकू आलं. "गोड सोडसू. सगळं सोडसू. पन ती गोयी मी सोडस नही. साखर वाढनी ते मी मरसू, आसं तू म्हणस. त्या वरीसले मी जित्ती व्हती का रे?"

मी भाकरी खाल्ली.

तू शब्दाची पक्की निघालीस, निदान बऱ्याचदा. गूळ बंद. केळी बंद. गुऱ्हाळ लागलं की पहिल्या कढईचा गूळ तू स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाटायचीस आणि हात लगेच पाण्यात बुडवायचीस, बोट चाटायचा मोह नको म्हणून. डॉक्टरांनी मला ते निळं पाणी आणि स्पिरिटचा दिवा दिला आणि तपासायला शिकवलं. रसायनशास्त्राचा माझा खरा अभ्यास गोठ्यामागेच झाला. तू पदर सावरून शेजारी उकिडवी बसायचीस आणि नळीतला रंग बदलताना बघायचीस. तू त्या रंगांना आपली नावं दिली होतीस. निळं राहिलं तर "मिरची लायेलच नही." हिरवं झालं तर "हिरवी मिरची, चाली जाई." पिवळट झालं की "पिकी ऱ्हायनी," आणि लाल झालं की तू कपाळावर हात मारायचीस, "वायी गयी! चला, आते बजारमा लई जा!" नंदुरबारच्या मिरचीच्या ढिगांत तुझी एक नळी मिसळली असती तर कोणाला कळली नसती.

एकदा गुऱ्हाळाच्या दिवसांत नळी लालभडक झाली.

"फुई, खरं सांग. काय खादं?"

"कायबी नही. भाकर नी ठेचा."

"फुई."

"थोडीशी काकवी. बोटवर."

"कोनता बोट? हत्तीना?"

तू इतकी हसलीस की दिवा विझला. "हाई तुन्हं निळं पाणी मोठं चुगलीखोर शे रे! मन्ही सासूनी बी इतली चुगली नही करी कधी." मग गंभीर होऊन म्हणालीस की आता आठवडाभर संध्याकाळी शेताच्या टोकापर्यंत दोनदा चालणार. आणि चाललीस. जमनाबाईलाही ओढून नेलंस. तिला साखर नव्हती, पण गूळ खाऊ घातल्याची भरपाई करायची होती.

मधे एकदा गोळी कमी करून बघायचं ठरलं. तसं मी एकट्याने ठरवलं नव्हतं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुरतेला लिहून विचारलं, तिकडून होकार आला, तू कबूल झालीस, पण एक अट घातलीस: पुन्हा पूर्ण कधी घ्यायची ते मी सांगेन, दुसऱ्या कोणी नाही. अर्धी गोळी सुरू झाली. तुझी भूक खरंच आवरली. चोळी सैल झाली. नळीही बऱ्याच दिवशी हिरवी राहू लागली. मी खूश होतो. मला वाटत होतं की आपण जिंकतोय. आणि मग एके दिवशी कापूस वेचून आल्यावर तू ओटी न सोडताच म्हणालीस, "पुरं. आते आखी दे."

"फुई, अजून थोडा दिवस बघ. साखर उतरी ऱ्हायनी."

"साखर उतरी ऱ्हायनी, ते खरं. पन त्यानाबरोबर मी बी उतरी ऱ्हायनी."

मला तुझ्यात काहीच फरक दिसत नव्हता. तू हसत होतीस, स्वयंपाक करत होतीस, भांडत होतीस. मी तेच म्हणालो. तू म्हणालीस, "तुले नही दिसाव. ते येवाना आवाज येस रे, दूरथीन. मले वयखू येस." तू कापसाची ओटी रिकामी केलीस, हात झटकलेस आणि पूर्ण गोळी घेतलीस. फुवांनी पाणी दिलं.

इथेच आपला वाद अर्धा राहिला, फुई. मला वाटायचं, आणखी एक महिना थांबायला हवं होतं. कदाचित तो आवाज आला असता आणि तसाच निघूनही गेला असता. तुला वाटायचं, ज्याच्या घरी पूर आलेला नाही त्याने पाणी किती चढतंय ते सांगू नये. आपण दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही असं नाही. काढला. दर दिवाळीला काढला. तू दर वेळी फराळाचं ताट माझ्यापुढे सरकवून म्हणायचीस, "तू खा. नी गप ऱ्हाय." मी खायचो, आणि गप्प काही राहायचो नाही.

पण एवढं खरं की त्यानंतरची वर्षं चांगली होती. मला खूप चांगली वाटली. साखरेच्या वेगळ्या गोळ्या सुरू झाल्या, चालणं सुरू राहिलं, नळी कधी हिरवी कधी लाल. तू चंपाताईकडे दोनदा जाऊन आलीस, तिच्या बाळंतपणात सव्वा महिना राहिलीस आणि तिथून नातीची झबली शिवण्याचं वेड घेऊन परत आलीस. माझ्या कॉलेजच्या गॅदरिंगला तू आणि फुवा बैलगाडीने आलात. माझं भाषण होतं. मी तीन ओळींत विसरलो. सभागृहात शांतता झाली आणि मागून तुझा आवाज आला, "घरनी भाषामा सांग!" सगळे हसले. मी घरच्या भाषेत सांगितलं. टाळ्या पडल्या. नंतर तू हट्ट धरलास की मला ती प्रयोगशाळा दाखव, आणि रसायनशास्त्राच्या सरांसमोर उभी राहून विचारलंस, "तुमनी ती चुगली करनारी बाटली कोठे शे?" सरांना काही कळेना. मी समजावलं. सरांनी तुला कपाटातली निळी बाटली काढून दाखवली, आणि तू तिला बोटाने दटावलंस.

मागच्या महिन्यात दुपारी जेवून तू आडवी झालीस आणि उठली नाहीस. डॉक्टर आले. हृदय म्हणाले. साखर असलेल्यांना होतं असं, असंही म्हणाले. गोळीचं त्यांनी काही म्हटलं नाही. फुवांनी विचारलंही नाही.

काल विचारलं. दिवेलागणीला, सगळे पांगल्यावर. त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही, मला विचारलं, कारण त्यांच्या हिशेबी मी शिकलेला. "तू सांग. खरं सांग. त्या गोया नही लेती, ते ती आज ऱ्हाती का?"

मला खोटं सांगायची खूप इच्छा झाली. नाही म्हटलं असतं तर त्यांना झोप लागली असती. पण तुझ्यासमोर मी कधी साखरेचा रंग खोटा सांगितला नव्हता, मग फुवांना काय म्हणून सांगू? मी म्हणालो, "फुवा, मले माहीत नही. कोनलेच माहीत नही. ऱ्हाती बी कदाचित. अजून काही वरीस."

ते ऐकून त्यांनी मान खाली घातली. मी घाबरलो. बोललो ते असं काहीतरी, की फुई कशी राहिली असती ते मात्र आपल्याला माहीत आहे, आपण ते वर्ष पाहिलंय.

फुवांनी दिव्याची वात वर केली. मग म्हणाले, "ती बोली, मी ऐकं. तिना जीव, तिनी ठराई. मी फक्त पाणी दिधं." आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "हासी खेयी गयी रे ती. तिना हासानी सवय व्हयी गयथी मले."

तेव्हा दाराशी कोणीतरी उभं असल्याचं आम्हाला कळलं. वरच्या गल्लीतली एक बाई होती, दिवसभर आपल्या पंगतीला वाढत होती. म्हाताऱ्यांचं बोलणं तिनेही ऐकलं होतं. तिची सून दोन महिन्यांपासून बोलत नाही. तिला सुरतेला न्यायचं ठरत आलं होतं, आता घरातले नको म्हणताहेत. ती फुवांना नाही, मला विचारत होती, "भाऊ, त्या गोया माणूसले मारतस का?"

मी फुवांकडे पाहिलं. त्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. "परोंदिन सकायनी गाडी शे. तुन्ही सूनले लई ये. मी येस संगे. दवाखाना मले माहीत शे."

मीही उद्या त्यांच्याबरोबर सुरतेला जाणार आहे, फुई. त्या मुलीला मी तुझं सगळं सांगणार आहे. बादली वर येते हे सांगीन. वर आल्यावर गोड मागते, आणि ते मागायला लागली की पहिल्याच महिन्यापासून वजन बघायचं, साखर तपासायची, चालायचं, हेही सांगीन. तपासायला मी येईन. तू किती हसलीस ते सांगीन, आणि तू मागच्या महिन्यात गेलीस तेही लपवणार नाही. एवढं सगळं सांगून झालं की मी गप्प बसीन. ठरवायचं ते तिने.